इर्विनला ४५ फूट, म्हणजे कुणाच्या उंबऱ्यापर्यंत?

पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, "इर्विनला किती?" कोल्हापुरात तोच प्रश्न "राजारामला किती?" असा असतो. कृष्णेवरच्या इर्विन पुलाशी पाणी ४० फुटांना आलं की इशारा आणि ४५ला धोका, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ आणि ४३. हे चार आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. राधानगरीच्या सातपैकी किती स्वयंचलित दरवाजे उघडलेत, कोयनेतून किती क्युसेक सोडलंय, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग वाढवला की नाही, यावर चहाच्या गाड्यांवर तावातावानं बोललं जातं. आणि तरीही ऑगस्ट २०१९मध्ये इर्विनला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा कितीतरी घरांतली माणसं शेवटच्या घटकेपर्यंत घरातच होती.

का होती, हे मी नंतर अनेकांना विचारलं. मी कृष्णाकाठच्या एका कॉलेजात भूगोल शिकवते आणि आपत्ती व्यवस्थापनाचा भागही बरीच वर्षं माझ्याकडेच आहे. उत्तर जवळपास सगळीकडून एकच आलं. "२००५ला पाणी जोत्यापर्यंत आलेलं. त्याच्यावर जायचं नाही, असं धरून चाललो." माणसं बेफिकीर नव्हती. त्यांच्याकडे एक खूण होती आणि त्या खुणेवर त्यांचा भरवसा होता. सांगली-कोल्हापूर शहरांत निदान सखल भागांची क्रमवारी लोकांना ठाऊक असते. कोल्हापुरात जामदार क्लबजवळ पाणी आलं की सुतारवाड्यातली बिऱ्हाडं हलणार, सांगलीत सूर्यवंशी प्लॉट आणि दत्तनगर आधी रिकामे होणार. पण नदीकाठच्या खेड्यांत "इर्विनला ४५" याचा अर्थ आपल्या गल्लीत काय होतो, हे सांगणारा कागद कुठंच नव्हता. आकडा नदीचा होता आणि निर्णय घराघरात घ्यायचा होता. मधली जागा रिकामी होती.

ती जागा भरणं हे कॉलेजांचं आणि विद्यापीठांचं काम आहे, असं माझं ठाम मत आहे. आज ते काम अभ्यासक्रमात नाही.

अभ्यासक्रमात काय आहे ते सांगते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर विद्यापीठ अनुदान आयोगानं २००३ साली पदवीच्या सगळ्या शाखांसाठी पर्यावरण अभ्यासाचा सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आणला. देशभरातल्या पदवीधरांच्या एका अख्ख्या पिढीनं आपत्ती व्यवस्थापन पहिल्यांदा वाचलं ते त्या अभ्यासक्रमात. पाचव्या युनिटमध्ये हवा, पाणी, माती, ध्वनी, अणुप्रदूषण, घनकचरा असं सगळं संपल्यावर शेवटी एक ओळ होती: आपत्ती व्यवस्थापन, पूर, भूकंप, चक्रीवादळ आणि दरडी. इतकंच. पुढं २००५च्या डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला, राष्ट्रीय आणि राज्य प्राधिकरणं आली, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण आलं, २०१५मध्ये आपत्तींचा धोका कमी करण्याचा संयुक्त राष्ट्रांचा सेंदाई आराखडा आला. अभ्यासक्रमही वाढला, पण वाढला तो व्याख्यांनी. आपत्तीचे प्रकार, व्यवस्थापनाचं चक्र, संस्थांची लांबलचक नावं. हे सगळं विद्यार्थ्यांना कळायला हवं, कायदा तर हवाच, कारण कुणाकडे काय मागायचं हे त्यातून कळतं. पण त्यावर थांबलं की काय होतं, हे मला एका उत्तरपत्रिकेत दिसलं.

शिरोळ तालुक्यातल्या एका मुलीची उत्तरपत्रिका होती ती. २०१९च्या पुरात तिचं घर पडलं होतं. घरचे सगळे छावणीत राहिले होते. तिथं कुणाला ताप आहे, कुठल्या आजीच्या बीपीच्या गोळ्या घरात राहिल्यात, याची यादी तिनंच केली होती, असं तिच्या मैत्रिणी सांगायच्या. प्रश्न होता, "पूर आपत्तीची कारणे व परिणाम लिहा." तिनं सहा कारणं आणि सहा परिणाम लिहिले, गाईडमधले, क्रमानं. पैकीच्या पैकी गुण द्यावेत असं उत्तर. त्यात तिचं गाव नव्हतं, छावणी नव्हती, ती यादी नव्हती. लिहायला जागाच ठेवलेली नव्हती. जी गोष्ट तिला वर्गातल्या कुणाहीपेक्षा, माझ्यापेक्षाही, जास्त ठाऊक होती, तिच्यावर प्रश्नच नव्हता. ते पान मी बराच वेळ उलटलं नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही काही मुलं घेऊन जवळच्या एका गावात पुराची रेघ मोजायला गेलो. पूर ओसरला की भिंतींवर गाळाची एक आडवी तपकिरी रेघ राहते. चुना मारला तरी वर्षभर ती फिकी दिसत राहते. मोजायचं कसं, याचा माझा विचार पुस्तकी होता: डंपी लेव्हल म्हणजे सर्वेक्षणाची दुर्बीण, स्टाफ म्हणजे उभी मोजपट्टी, नोंदवही. गावातल्या एका गवंड्यानं आमची गडबड पाहिली आणि घरातून त्याची पाण्याची नळी आणून दिली. पारदर्शक लांब नळी, आत रंगवलेलं पाणी. एक टोक शाळेच्या जोत्याशी धरायचं, दुसरं टोक गल्लीतल्या पहिल्या उंबऱ्याशी. दोन्हीकडे पाणी एका सपाटीत येतं, फरक टेपनं मोजायचा, की झालं. नळीत बुडबुडा राहिला तर सगळं माप खोटं, म्हणून तो आधी टिचक्या मारून काढायचा, हे त्यानं मुलांना दोनदा बजावलं. त्या दिवसापासून शाळेचं जोतं हा आमचा शून्य झाला. कुणाचा उंबरा शून्याच्या खाली दीड फूट, कुणाचा वर दोन फूट, असं एकेक घर मांडत गेलो.

मग दुसरी अर्धी बाजू: वेळ. तुमच्या उंबऱ्याला पाणी कधी लागलं? पुरुष तारीख सांगायचे. बायका तास सांगायच्या. कारण धान्याची पोती माळ्यावर कधी चढवली, गॅसची टाकी कधी उचलली, पोरांना भाकरी बांधून देऊन बहिणीकडे कधी पाठवलं, हे त्यांच्या हातून झालेलं होतं. "दिवेलागणीला अंगणात, आणि रात्री लाइट गेली तेव्हा चुलीपाशी," असं एकीनं सांगितलं. पाटबंधारे खात्याच्या इर्विनच्या नोंदी त्या दिवसांतल्या वर्तमानपत्रांत वेळेसकट छापून आलेल्या होत्या. त्या समोर ठेवून वेळ जुळवत गेलं की तक्ता तयार होतो. इर्विनला इतके फूट झाले की ओढ्याकाठच्या घरांच्या अंगणात पाणी, इतक्याला गावाबाहेर जाणारा रस्ता बंद, इतक्याला दवाखाना. रस्ता बंद होतो तो आकडा सगळ्यात महत्त्वाचा. घरात पाणी यायच्या पुष्कळ आधी रस्ता जातो आणि निघायची खरी मुदत तीच असते. हे त्या तक्त्यात पहिल्यांदा डोळ्यांना दिसलं.

त्यात आणखी एक दिसलं. शून्याच्या खालची घरं जवळजवळ सगळी भूमिहीनांची आणि मजुरांची होती. गावठाणात उंचवटा कुणाला मिळाला आणि ओढ्याची कड कुणाला, हे गावानं कधीतरी ठरवलेलं आहे, आणि पूर दर वेळी त्याच क्रमानं येतो. आपत्तीच्या पाठ्यपुस्तकात "असुरक्षितता" नावाचं प्रकरण असतं. मुलांना ते त्या नळीच्या टोकाशी समजलं.

तक्ता अचूक आहे असा माझा दावा नाही. नदीचं पात्र बदलतं, वारणेचं पाणी कृष्णेत कधी शिरतं त्यावर फुगवटा ठरतो, नवा भराव टाकला की पाण्याची वाट बदलते. म्हणूनच तो दरवर्षी नव्यानं तपासायला हवा, आणि दरवर्षी नवी मुलं कुठं मिळतात, तर कॉलेजात.

माणसं घर का सोडत नाहीत, याचं दुसरं उत्तर गोठ्यात असतं. दुभती म्हैस सोडून कुणी छावणीत जात नाही, जाऊही नये, ती त्यांची रोजची भाकरी आहे. गावाच्या आराखड्यात माणसांच्या निवाऱ्याची जागा लिहिलेली असते आणि जनावरांच्या रकान्यात बहुतेक वेळा रेघ मारलेली असते. ते टाळायचं तर घरागणिक यादी हवी: जनावरं किती, गाभण किती, वैरण किती दिवसांची, टेम्पो कुणाकडे आहे. अंथरुणाला खिळलेलं कोण, बाळंतीण कोण, डायलिसिसला कोण जातं. जुन्या पिढीनं जागा बदलून पाहिलेली गावंही आपल्याकडे आहेत. १९८९च्या पुरानंतर कोल्हापूरजवळच्या प्रयाग चिखलीच्या लोकांसाठी सोनतळीला वसाहत झाली. तरी घरं, शेतं, गोठे जुन्या जागी राहिले, आणि आजही पाणी वाढू लागलं की चिखली-आंबेवाडीची माणसं जनावरांसह सोनतळीकडे निघतात. पुनर्वसन कागदावर झालं की विषय मिटला, असं मानणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यानं एक पावसाळा तिथं जाऊन बसावं.

आणि ब्रह्मनाळ. ८ ऑगस्ट २०१९ला पलूस तालुक्यातल्या या गावात लोकांना बाहेर काढणारी बोट उलटली. बोटीत माणसं फार होती. बुडालेल्यांत बायका होत्या, लहान मुलं होती. त्या बातमीचा मला आजही राग येतो. कुणा एकावर नाही, वल्हं मारणारे गावातलेच होते आणि जिवावर उदार होऊन काम करत होते. राग येतो तो याचा की बोटीत किती माणसं बसवायची, लाइफ जॅकेट नसेल तर रिकामे बंद कॅन कसे बांधायचे, दोराचं टोक काठावर कुणी धरायचं, हे शिकवणारं कुणी त्या गावापर्यंत पोचलेलं नव्हतं, आणि आसपासच्या कॉलेजांत आम्ही "आपत्तीपूर्व, आपत्तीकालीन, आपत्तीपश्चात" शिकवत होतो. आमच्या भागात पुरात गुळाची काहील, म्हणजे उसाचा रस उकळायची मोठी पसरट कढईही नावेसारखी वापरतात. लोक वापरणारच. मग फिजिक्सच्या पोरांनी तरंगण्याचा नियम प्रयोगशाळेतल्या बीकरमध्ये करायचा तसा एकदा काहिलीवर करून, ती किती वजनाला कलंडते हे गावाला का दाखवू नये? उन्हाळ्यात, शेततळ्यात, काठावर पोहणारी माणसं उभी करून.

मुलांना पुराच्या पाण्यात उतरवा, असं मी अजिबात म्हणत नाही. ते काम एनडीआरएफचं, आपदा मित्र म्हणून प्रशिक्षण घेतलेल्यांचं आणि रेस्क्यू पथकांचं. विद्यार्थ्यांचं काम पाणी यायच्या आधीचं आहे आणि पाणी गेल्यानंतरचं.

नंतरचं काम किती साधं आणि किती मोठं असतं, हे रसायनशास्त्राच्या मुलांनी दाखवलं. पूर ओसरल्यावर विहिरी, आड, टाक्या सगळं गढूळ. ग्रामपंचायत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकते. पण पिंप उघडं राहून पावडरीतला क्लोरिन उडून गेलेला असतो, किंवा टाकीला घातली आणि शेवटच्या नळापर्यंत काही पोचलंच नाही, असं होतं. पाण्यात क्लोरिन आहे का हे सांगणाऱ्या ओटी टेस्टला दोन मिनिटं लागतात. नळाचं पाणी परीक्षानळीत घ्यायचं, ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकायचे, पिवळा रंग आला तर क्लोरिन आहे, नाही आला तर नाही. मुलं सकाळी टाकीपासून सुरुवात करून गावाच्या शेवटच्या नळापर्यंत गेली. टाकीपाशी पाणी पिवळं झालं, मधल्या गल्लीत फिकट पिवळं, आणि शेवटच्या वस्तीत नळीतलं पाणी तसंच पांढरं. तिथंच उभ्या असलेल्या बाईनं विचारलं, "म्हंजे आमी काय पितोय?" जलसुरक्षकाला बोलावलं, डोस वाढवला, दुसऱ्या दिवशी त्याच नळाशी पुन्हा नळी धरली. त्या आठवड्यात ती मुलं जे शिकली, ते मी कुठल्या युनिटमध्ये शिकवलं असतं, मला सांगता येत नाही.

डोंगराकडचं दुखणं वेगळं आहे. ३० जुलै २०१४ला पुणे जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं. सकाळी आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. २२ जुलै २०२१ला महाड तालुक्यातलं तळीये, १९ जुलै २०२३च्या रात्री खालापूरची इर्शाळवाडी. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, हे सरकारनंच नंतर विधानसभेत सांगितलं. वर जायला गाडीरस्ता नाही, म्हणून मदत करणारे हातात फावडी घेऊन अंधारात पावसात चढले. शोध थांबवला तेव्हा पन्नासहून अधिक माणसं बेपत्ताच होती. यादी तयार करणाऱ्या तज्ज्ञांचं काम मी कमी लेखत नाही. पण सह्याद्रीतली प्रत्येक वाडी ते पाहू शकत नाहीत. उतारावर नवी भेग पडली, झाडं आणि खांब कलले, झऱ्याला अचानक गढूळ पाणी आलं किंवा तो एकाएकी आटला, घराच्या भिंतीला तिरकी चीर गेली, या खुणा त्या वाडीतल्या माणसाला आधी दिसतात. सरकारी पर्जन्यमापक महसूल मंडळाला एक असतो, आणि डोंगराच्या एका सोंडेवर कोसळणारा पाऊस मंडळाच्या गावी पडेलच असं नाही. तालुक्याच्या कॉलेजानं चार वाड्यांत साधे पर्जन्यमापक ठेवले, रोज सकाळी साडेआठला वाडीतल्याच शाळकरी मुलानं आकडा वाचला आणि तो भूगोल विभागाकडे आला, तर त्या वाडीत किती पावसाला काय होतं, याची नोंद दहा वर्षांत उभी राहील. आज ती कुणाकडेच नाही.

विद्यापीठातला माणूस असं काम करतो तेव्हा काय होतं, याचं उदाहरण जपानमध्ये आहे आणि ते मला सारखं आठवतं. गुन्मा विद्यापीठातले प्राध्यापक तोशिताका कातादा कामाइशी या किनाऱ्यावरच्या शहरातल्या शाळांबरोबर कित्येक वर्षं काम करत होते. मुलांना त्यांनी तीन गोष्टी शिकवल्या. गृहीतांवर विसंबू नका, नकाशात तुमचं घर सुरक्षित दाखवलं असलं तरी. त्या क्षणी हातात असेल तेवढं सगळं करा. आणि सगळ्यात आधी तुम्ही पळा, म्हणजे तुम्हाला पाहून बाकीचे पळतील. ११ मार्च २०११ला त्सुनामी आली तेव्हा उनोसुमाई भागातल्या माध्यमिक शाळेची मुलं धावत सुटली, त्यांना पाहून प्राथमिकची मुलं वरच्या मजल्यावरून खाली आली आणि मागं धावली. ठरलेल्या जागी पोचल्यावर तिथली कडा ढासळताना दिसली, तशी ती आणखी वर गेली, आणि मग आणखी वर. शहरातली जवळपास तीन हजार शाळकरी मुलं वाचली.

पण त्याच उनोसुमाईत एक आपत्ती निवारण केंद्र होतं. त्सुनामीत आसरा घ्यायची ती नेमलेली जागा नव्हती. तरी सरावाला माणसं तिथं जमत, कारण ते जवळ होतं आणि म्हाताऱ्यांना चढ चढावा लागत नसे. त्या दिवशी माणसं सवयीनं तिथंच गेली आणि शंभराहून अधिक जण तिथं मेले. मॉक ड्रिल हा शब्द ऐकला की मला हे केंद्र आठवतं. सराव सोयीच्या जागी आणि सोयीच्या वेळी केला की अंगात सोयच मुरते. आमच्याकडे सराव जानेवारीच्या कोवळ्या उन्हात कॉलेजच्या मैदानावर होतो. आपत्तीचं युनिट शेवटचं असल्यामुळं ते फेब्रुवारी-मार्चमध्ये शिकवलं जातं, तेव्हा नदी तळाला गेलेली असते. जून-जुलै प्रवेशाच्या धावपळीत जातो. २००५चा पूर, २०१९चा, २०२१चा, तिन्ही जुलै-ऑगस्टमधले. हा विषय मे महिन्यात शिकवला पाहिजे आणि त्याची परीक्षा जूनच्या आत, गावात, झाली पाहिजे.

हे करायला नवा कायदा लागत नाही. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रातल्या पदवीच्या रचनेत फील्ड प्रोजेक्ट आहे, समुदाय सहभागाचं क्रेडिट आहे. राज्यातल्या विद्यापीठांचे एनएसएसचे स्वयंसेवक आपत्ती व्यवस्थापनाच्या 'आव्हान' शिबिरात दोर बांधण्यापासून सीपीआरपर्यंत शिकून येतात. २०१६ला आपत्तींचा धोका कमी करण्यासाठी दिल्लीत भरलेल्या आशियाई परिषदेत पंतप्रधानांनी मांडलेल्या दहा कलमांत विद्यापीठांचं जाळं उभारण्याचं एक कलम होतं. चौकट आहे. चौकटीत गाव आणायचं राहिलं आहे.

अडचण खरी आहे ती माणसांची. अनेक कॉलेजांत हा विषय तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांकडे असतो. त्यांना तासाचे पैसे मिळतात, गावात घालवलेल्या रविवारचे मिळत नाहीत, आणि पुढच्या जूनमध्ये ते त्याच कॉलेजात असतील याची खात्री नाही. त्यांच्याकडून हे काम फुकट करून घेणं अन्याय आहे. विद्यापीठानं या कामाचे तास कार्यभारात धरले पाहिजेत, प्रवासखर्च दिला पाहिजे, मुलांचा विमा उतरवला पाहिजे. तेवढं झालं तर उरलेलं आम्ही करू, असं मी माझ्या ओळखीच्या कितीतरी शिक्षकांच्या वतीनं लिहू शकते.

आणखी एक मागणी आहे, छोटी. मुलं तीन-चार वर्षांत निघून जातात, शिक्षक बदलतात, तक्ता कुणाच्या तरी लॅपटॉपमध्ये राहतो. प्रत्येक विभागात एक डेडस्टॉक रजिस्टर असतं. त्यात खुर्च्या, कपाटं, सूक्ष्मदर्शक, जुना ओव्हरहेड प्रोजेक्टर, सगळं अनुक्रमांकासह असतं आणि विभागप्रमुख बदलताना एकेक वस्तू मोजून सही होते. तो तक्ता लिहिलेली पूररेषेची वही त्या रजिस्टरात चढवावी. दहा गावं, दहा वह्या, दहा नोंदी. एक प्रत ग्रामपंचायतीत, एक पोलीस पाटलांकडे. चार्ज देणाऱ्यानं या वर्षीचे आकडे भरलेत का ते घेणाऱ्यानं पाहावं, आणि भरले नसतील तर सही करू नये. आमच्या विभागात पहिल्या गावाची वही मी गेल्या महिन्यात चढवली. नळीची नोंद तिच्याखाली केली आहे, "पारदर्शक, लांबी ३० मीटर, चालू स्थितीत."